साल

आठ सालं मी साल काढली
मूर्तिजापूरच्या दाल मिलमध्ये, तुरीची.
तेल-पाणी लावून ढिगात मुरलेली तूर
रोलरखाली गेली की अंग सोडायची.
चुनी एकीकडे, डाळ एकीकडे,
आणि रात्री केस धुतले तर
मोरीत पिवळं पाणी.

आता कारंजा रोडवर, बाभळींच्या मागे,
टिनाच्या शेडमध्ये साल चढवते.
हसू नका. पगार त्याचाच मिळतो.

मोठा स्क्रू आतला माल देतो,
मऊ, चिकट, बोट लावलं तर बोटासोबत येणारा.
त्याच्या बरगडीला जोडलेला लहान स्क्रू
वरचं पातळ प्लास्टिक देतो, केसाएवढ्या जाडीचं.
दोघं डायमध्ये भेटतात एकशे साठ डिग्रीवर
आणि मिसळत नाहीत.
एकात एक, तसेच बाहेर पडतात
आठ भोकांतून आठ सरगुंडे,
पाण्याच्या टाक्यातून पोहत कटरकडे,
आणि कटर त्यांचे दाणे करतो.
तुरीएवढे. मी शेजारी ठेवून पाहिलेत,
तुरीएवढेच.

साल नसली तर काय होतं
ते मागच्या मे महिन्यात कळलं.
सत्तेचाळीस डिग्री. गोडाऊनमध्ये चाळीस पोती.
सकाळी प्रत्येक पोत्यात एकच दाणा,
पंचवीस किलोचा.
पुंजाराम उइके सब्बल घेऊन दोन दिवस फोडत होता.
"हे तं गोटा झालं बाप्पा," म्हणे.

म्हणून लहान स्क्रू आला राजकोटहून, ट्रकवर झोपून.
तरी पोती जमतच राहिली,
गोळे तेवढे लहान झाले.
मग नागपूरहून दाभाडे सर आले,
त्यांनी कटरचं पातं बदललं.
असं पातं की केस टाकला तर दोन.
आणि पोती आणखी घट्ट.

जेवणाच्या सुट्टीत एक दाणा मी उन्हात धरला.
बाजूने साल नीट, गुळगुळीत.
टोकाकडून पाहिला
तर उघडा.
मधोमध ओलसर डोळा, भोवती बारीक कडं.
दुसरं टोकही तसंच.
नवं पातं चिरतं छान,
मिटवत नाही.

सरांना सांगायचं कसं?
करंजीची कड ओली असते तेव्हाच दाबायची,
वाळल्यावर दाबली तर तुटते,
हे त्यांच्या कागदावर कोणत्या रकान्यात बसणार?
म्हटलं, "सर, टाक्यातलं पानी कमी करा.
दोरी गरम हाय तवाच कापू.
अन् जुनंच पातं लावा, थोडं बोथट."
"बोथट?" सर म्हणाले,
आणि मोबाईलवर बोलत बाहेर गेले.

रात्रपाळीला पुंजारामनं नळ सोडला.
टाकं निम्म्यावर आलं.
जुनं पातं मी गोणपाटातून काढलं, पुसलं,
चार बोल्ट आवळले.
आधी दाणे टकटक पडायचे.
आता आवाज बसका झाला,
कुणी ओठ मिटून बोलावं तसा.
टोकांवर साल ओढली गेली होती.
पूर्ण नाही. अर्धी-पाऊण.
तेवढ्यावर भागलं.
तीन दिवस पोती पत्र्याखाली तापू दिली,
तोंड सोडलं तर माल सळसळत आला,
अगदी तुरीच्या आवाजात. मला क्षणभर
खोकला आला, सवयीनं.

सरांनी वहीत लिहिलं, "पाण्याची पातळी सुधारली."
कुणी, ते लिहायला जागा नव्हती.

ट्रक भरताना पुंजारामनं विचारलं,
"बेबीनंदाबाई, तिकडं याचं काय करतेत?"
वितळवतात, म्हटलं. दुसऱ्या मालात घोळतात.
"अन् साल?"
तीही वितळते. आतलं बाहेरचं काही उरत नाही.
"मंग इतकी मेहनत काहून?"

तेवढ्यात लाईन गेली.
स्क्रूमधला माल गोठायच्या आत जनरेटर लावायला
तो पळाला, शिव्या देत.
अंधारात मी शेवटच्या पोत्यात
कोपरापर्यंत हात घातला.
कोमट होते.
बोटांमधून घसरत होते,
एकेक वेगळे.